कॅमेरा ठेवून सेल नेणारा चोर

डोमाजी तायडे हे अख्ख्या अमरावती विभागातले एकमेव खाजगी गुप्तहेर आहेत, असं डोमाजी तायड्यांचं म्हणणं होतं. आणि ते खोडून काढायला विभागात दुसरा गुप्तहेर नव्हता.

"गयासभाई," ते सांगत, "नजर म्हनान तर घारीची. नाक म्हनान तर मुंगीचं. अन् डोकं... डोक्याले तर उपमाच नाई सापडून राहिली."

तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, भलेभले गुन्हेगार माझ्या डोळ्यांपुढून गेले, हेही ते सांगत. यात खोटं काही नव्हतं. डोमाजी जावक विभागात पाकिटं चिकटवायला होते आणि त्यांचं टेबल संडासाच्या वाटेवर होतं. रिटायर झाल्यावर कोणी विपश्यनेला जातं, कोणी नातवंडं खेळवतं. डोमाजींनी एक भिंग विकत घेतलं.

गयासुद्दीन हे त्यांचे सहायक. गयासभाईंनी त्यासाठी अर्ज केला नव्हता. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, घर डोमाजींच्या घराला लागून होतं, आणि दारात एक जुनी स्कूटर उभी असे. गुप्तहेराकडे भिंग होतं पण वाहन नव्हतं. गयासभाईंकडे वाहन होतं पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. तेवढ्यावर ही जोडी जमली. आजवर त्यांनी एकच मोठी केस सोडवली होती, बेपत्ता बकरीची. दिवसभर ते तिला शोधत फिरले आणि संध्याकाळी बकरी आपणहून घरी आली. "दबाव पडला तिच्यावर," असं डोमाजींनी त्या केसचं रहस्य उलगडून सांगितलं होतं.

पण यंदाच्या मे महिन्यातली केस गयासभाईंच्या स्वतःच्या घरातली होती आणि तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निदान दुपारपर्यंत तरी.

त्याचं असं झालं, की गयासभाईंची पोरगी रुबीना हिनं कॅमेरा घेतला होता. गेली दोन-तीन वर्षं कापसानं वऱ्हाडाला असं काही झोपवलं होतं, की खेड्यावरचे लोक लग्नातसुद्धा नवी गादी करीनात. जुनीच पिंजून द्या म्हणत. दुकान बसलं होतं. मग रुबीनानं डोकं लढवलं. मेहंदीला, हळदीला, डोहाळजेवणाला आत नुसत्या बायका असतात. तिथं पुरुष फोटोग्राफर कसा चालेल? आपण जाऊ. तिनं शिवणकामातून पैसे साठवले आणि बापाला घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानदार म्हणाला, "ताई, हा घेऊन जा. बारा पट झूम हाय."

रुबीनानं विचारलं, "त्यातला ऑप्टिकल किती?"

दुकानदारानं तोवर तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, ते आता पाहिलं. "तीन पट," तो हळूच म्हणाला.

गयासभाईंना यातलं ओ की ठो कळलं नाही. पोरीनं त्यांना समजावलं. डिजिटल झूम म्हणजे काढलेला फोटो नुसता ताणायचा. लहान गादी ओढून पलंगाएवढी केली तर काय होईल? "रुई पतली हो जाएगी," गयासभाई म्हणाले. बस, तसंच. ऑप्टिकलमध्ये भिंग खरंच पुढं सरकतं, आणि लांबचं माणूस आहे तसं जवळ येतं. मला हेच पाहिजे, ती म्हणाली. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडापुढं कॅमेरा नेला की त्या पदर तरी ओढतात, नाहीतर श्वास कोंडून बसतात. लांब कोपऱ्यात उभं राहून काढलं तर त्या हसतात.

परवडेल असा, पाच पट ऑप्टिकलचा एक छोटासा रुपेरी कॅमेरा घेतला. बटण दाबलं की सुळकन भिंग बाहेर यायचं. गयासभाई रोज रात्री एकदा ते बाहेर काढून पाहत आणि पोरीला कळायच्या आत परत आत घालत.

आणि आता तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. अकोल्याच्या एका दालमिलवाल्यांच्या घरची मेहंदी, आज संध्याकाळी. ते चांगले फोटो निघाले तर निकाह आणि नंतरच्या वलीम्याच्या जेवणाचंही काम तिलाच. नाही निघाले तर गयासभाईंच्या थोरल्या भावानं आधीच सांगून ठेवलं होतं, की हा पोरीचा छंद बंद करा आणि तिला शिलाईमशीनवर बसवा. गयासभाईंनी मान डोलावली होती. नाही म्हणायची हिंमत त्यांच्याकडे भावासमोरही नव्हती.

तर त्या सकाळी रुबीना आंघोळ करून आली. कॅमेरा टेबलावर होता. चार्जर बोर्डाला लटकत होता. चार्जरमधला सेल मात्र गायब.

सेल म्हणजे बिस्किटाएवढी काळी चपटी वडी. रात्री लाइट गेल्यामुळे तो चार्ज झाला नव्हता, सकाळी भारनियमन, म्हणून ती दुपारी लाइट यायची वाट पाहत होती. तिनं टेबलाखाली पाहिलं, गाद्या उचलून पाहिल्या, कापसाच्या ढिगात हात घातला. सुरैय्यानं, म्हणजे तिच्या आईनं, पिठाचे डबेसुद्धा उपसले. नाहीच. दुकानात फोन केला तर कळलं की तसला सेल अमरावतीत नाही, अकोल्यात नाही, मागवला तर आठवड्यानं येईल. रुबीना खाटेवर बसली आणि रिकाम्या चार्जरकडे पाहत राहिली. ती रडली असती तर गयासभाईंना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय हरपलं?"

डोमाजींना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी भिंग काढलं, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि डोळे मिटले.

"कॅमेरा हाय. सेल नाई," ते म्हणाले. "साधा चोर काय करन? कॅमेरा नेईन. मंग यानं कॅमेरा काहून ठेवला? कारन की त्याच्याजवळ कॅमेरा हाय."

गयासभाईंना हे ऐकून क्षणभर खरंच बरं वाटलं. पहिल्यांदाच डोमाजी काहीतरी अर्थाचं बोलले होते.

"सकाळपासून घरात कोन कोन आलं, भाभी?"

"दूधवाला आया था, दरवाजे से ही लौट गया," सुरैय्या म्हणाली. "और इंदूताई आई थी, हमारा साचा ले गई. कुरडई बना रही ना वो."

"ते आमच्या घरची हाय, तिले सोडा," डोमाजी म्हणाले. "अन् एक ध्यानात ठेवा. इंदूले याच्यातलं अक्षर कळू देऊ नका. तिची बहीन अकोल्यात त्या दालमिलच्या मांगंच राहते. इंदूले आता कळलं तर जेवनाच्या आत अकोल्यात कळन. ते लोक दुसरी फोटोवाली पाह्यतीन."

हे मात्र सोळा आणे खरं होतं. डोमाजींची बायको इंदूबाई मनानं सोनं होत्या, पण त्यांच्या पोटात बातमी टिकत नसे. मोर्शीत कोणाकडे पाळणा हलला ते बाळापूरला त्यांच्याकडून कळायचं. रुबीनानं खाटेवरूनच मान हलवली. काकूला काही सांगायचं नाही, असं सर्वांचं एकमतानं ठरलं.

मग पुरावा तपासणं सुरू झालं. डोमाजींनी चार्जर हातात घेतला, भिंग लावलं आणि "आहा" असं म्हणाले. चार्जरच्या कडेला एक पांढरा, वाळलेला, बोटाएवढा डाग होता. डोमाजींनी तो नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"चुना," ते म्हणाले. "चोर पान खाते."

"चुना जीभ पोळते, डोमाजीभाऊ," गयासभाई म्हणाले.

"जुना चुना. अन् हे पाहा, कापसाचा तंतू. म्हनजे चोर पान खाते अन् कापसात वावरते." ते एकदम गयासभाईंकडे वळले आणि त्यांच्या लाल ओठांकडे पाहू लागले. "गयासभाई, सकाळी कुठी होता तुमी?"

गयासभाईंनी आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"मी? माह्या पोरीचा सेल मी चोरीन?"

"तुमच्या भावाले हे काम पसंत नाई. तुमी भावाले भेता. हेतू हाय, संधी हाय, चुना हाय. मी मैत्री पाह्यत नाई."

गयासभाईंना राग आला. राग आला तो डोमाजींचा नाही. खाटेवरून रुबीनानं एक क्षण बापाकडे पाहिलं, त्याचा. नुसतं पाहिलं. पण पोरीला वाटलं असेल का, की आपला बाप असंही करू शकतो? त्यांनी चार्जर उचलून खिशात टाकला, टोपी घातली आणि म्हणाले, "चला डोमाजीभाऊ, कुठी जायचं ते सांगा. सेल आनल्याशिवाय मी घरात पाय ठेवत नाई."

"मंग तुमच्यावरचा संशय तूर्त राखून ठेवतो," डोमाजी म्हणाले आणि स्कूटरवर मागं बसले.

मे महिन्यातलं अमरावतीचं ऊन म्हणजे काय हे ज्यानं खाल्लं त्यालाच माहीत. डोमाजींनी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता, पण ते म्हणाले की हा वेषांतराचा भाग आहे. पहिल्यांदा ते पानठेल्यावर गेले. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांचे ओठ लाल होते. डोमाजींनी सगळ्यांवर संशय घेतला, एक पान खाल्लं आणि धागा फार लांबचा आहे म्हणून सोडून दिला.

"आता दानिशकडे घ्या," ते म्हणाले. "लग्नाच्या शूटिंगा करते. रुबीनानं त्याचं मेहंदीचं काम नेलं. सूड, गयासभाई. निव्वळ सूड."

दानिश हा पंचविशीतला पोरगा, भला, दोन कॅमेरे बाळगून होता. दुकानात गेल्याबरोबर त्यानं दोघांना पाणी दिलं. डोमाजींनी वेषांतर न काढता सांगितलं की आपण परगावचे असून पासपोर्ट फोटो काढायला आलो आहोत.

"बैठो ना, डोमाजीचाचा," दानिश म्हणाला.

डोमाजी बसले. फोटो निघेपर्यंत त्यांनी चलाखीनं चौकशी केली. तुह्याजवळ सेल कोनता असते? दानिशनं खळखळ न करता कॅमेरा उघडून सेल हातावर ठेवला. चांगला काडीपेटीएवढा ठोकळा होता तो. रुबीनाच्या चपट्या वडीशी त्याचं काही नातं नव्हतं.

गयासभाईंना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दानिशचा चेहरा उतरला. "बहोत बुरा हुआ चाचा. मेहंदीचं काम मले तसंबी कोनी देत नाई, आत घेतच नाईत. तिनं घेतलं तर चांगलंच हाय ना. मी उलट बाहेरचं काम तिच्याकडून घेईन म्हनत होतो." तो खरंच हळहळत होता, आणि इतका भला संशयित पाहून डोमाजींचा विरस झाला.

बॅटऱ्यांवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला. पडद्यावर डोमाजींचं तोंड आलं. डोळे मिटलेले, पण चेहरा गंभीर.

"चाचा, मूछ पे क्या लगा है?" दानिशनं विचारलं.

मिशीच्या डाव्या टोकाला पांढरं काहीतरी होतं. डोमाजी पडद्याला नाक लावून पाहू लागले. "मोठं कर," ते म्हणाले. दानिशनं मोठं केलं. "अजून मोठं कर. अजून. पुरावा हाय तो." दानिश मोठं करत गेला आणि मिशीचे चौकोन झाले, मग चौकोनांचे मोठे चौकोन झाले, आणि शेवटी नुसती एक राखाडी जमीन दिसू लागली.

"हे कोनतं गाव हाय?" डोमाजींनी विचारलं.

"रुई पतली हो गई," गयासभाई आपसूक म्हणाले. आणि मग ते पडद्याऐवजी डोमाजींच्या खऱ्या मिशीकडे वाकून पाहू लागले. पांढरा, वाळलेला डाग. त्यांनी खिशातून चार्जर काढला आणि मिशीला लावून धरला.

"डोमाजीभाऊ, सकाळी काय खाल्लं तुमी?"

"नाश्ता. वाटीभर. आता नाश्त्याचं काय घेऊन बसले?" डोमाजी मागं सरकले. मग त्यांनी स्वतः भिंगातून दोन्ही डाग पाहिले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "गयासभाई," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "म्हनजे चोर मी हाव काय?"

सहायकानं पहिल्यांदाच गुप्तहेराला खांद्याला धरून स्कूटरवर बसवलं. वाटेत डोमाजींनी झोपेत चालण्याचा रोग, जुळा भाऊ आणि आपली मिशी लावून फिरणारा तोतया, अशा तीन शक्यता मांडल्या. गयासभाईंनी एकही ऐकली नाही.

घरी आल्यावर गयासभाईंनी उंबऱ्याबाहेरूनच चार्जर सरळ बायकोच्या हातात दिला. सकाळपासून तो कोणी तिला दाखवलाच नव्हता. पुरावा म्हणून जपून ठेवला होता.

सुरैय्यानं भिंग मागितलं नाही. तिनं डागावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "चीक है जी, गेहूं का. कुरडई का. इंदूताई का हाथ लगा इसको."

झालं. सगळे मिळून शेजारच्या जिन्यावरून गच्चीवर गेले. गच्चीभर पांढरीशुभ्र लुगडी अंथरली होती आणि त्यांवर ओळीनं कुरडया वाळत होत्या. मधोमध इंदूबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी एका ताटात, टॉर्चचे चार सेल, घड्याळाचा एक सेल, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, ऐसपैस, रुबीनाच्या कॅमेऱ्याची काळी वडी.

"आले काय घ्यायले?" इंदूबाई म्हणाल्या. "थांबा, अजून तासभर तापू द्या. साचा न्यायले आली, तं चार्जरचा दिवा बंद. म्हटलं लाइट तं दुपारशिवाय येत नाई, पोरीले संध्याकाळी काम हाय. माह्ये सेल उन्हात घालूनच राहिली होती, हाबी घातला. टॉर्चचे नाई का उतरलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालत?"

सगळे एकदा ताटाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहू लागले.

"अन् तुमी सगळे असे काहून पाहून राहिले माह्याकडे?"

गयासभाईंनी हळूच सांगितलं. सेल सकाळपासून शोधतोय, पानठेला झाला, दानिश झाला, तपास गुप्त होता, इंदूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. ते सांगत असताना इंदूबाईंचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला आणि खांद्यावरून कमरेला खोचला गेला.

"मले इचारलं काहून नाई?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "सकाळी वाटीभर चीक दूध-साखर घालून माह्याच हातून खाल्ला ना? तवा तोंड होतं ना?"

"घरचा गुन्हेगार सापडनं सगळ्यात कठीन असते," डोमाजी कुरडयांकडे पाहत म्हणाले.

रुबीनानं सेल उचलला आणि चटका बसून ओढणीत धरला. तिचं तोंड पाहून इंदूबाईंचा राग पार उतरला. "खराब तं नाई झाला ना वं माय?" त्या विचारू लागल्या. "मी चांगल्यासाठीच ठेवला. खरंच सांगतो, चांगल्यासाठीच."

रुबीनानं सेल खाली नेऊन माठाच्या बुडाशी गार फडक्यावर ठेवला. सगळे माठाभोवती बसले. डोमाजींनी भिंगसुद्धा खिशात घातलं, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. गयासभाईंच्या मनात आलं, की हा बिघडला असेल तर आज रात्री भाऊ येईल, आणि आपण पुन्हा मान डोलावू. आणि त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटली, की त्यांनी उठून भावाला फोन लावला. "भाईजान," ते म्हणाले, "रुबीना ये काम छोडनेवाली नहीं. आज कैसा भी हो." पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी ऐकलं नाही. फोन ठेवून दिला आणि परत माठापाशी येऊन बसले.

सेल गार झाला. रुबीनानं तो कॅमेऱ्यात सरकवला आणि बटण दाबलं. सुळकन भिंग बाहेर आलं. ती दारापर्यंत मागं गेली, झूम ओढला, आणि माठाशी बसलेल्या इंदूबाईंचा, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांत पाणी आलेला आणि तोंडभर हसत असलेला फोटो काढला. लगेच कॅमेरा बंद पडला. सेलमध्ये तेवढाच जीव होता.

"पाहा," इंदूबाई म्हणाल्या. "उन्हानं भरला होता. तासभर अजून ठेवू दिला असता तं अख्खी मेहंदी निघाली असती."

रुबीना त्यांना काही समजवायच्या भानगडीत पडली नाही. लाइट आली, चार्जरचा दिवा लागला, आणि चारच्या एसटीनं सगळे अकोल्याला निघाले. डोमाजी सेलच्या संरक्षणासाठी आले, इंदूबाई डोमाजींच्या.

दालमिलवाल्यांचं घर दिव्यांनी झळकत होतं. त्यांच्याकडे जनरेटर होता. बायका आत, पुरुष बाहेर मांडवात. डोमाजी एका कोपऱ्यात चार माणसांना घेऊन बसले होते आणि सेलची केस आपण कशी मिशीच्या टोकावरून पकडली ते सांगत होते. ऐकणारे हसून लोटपोट होत होते आणि डोमाजींना वाटत होतं, की ते थक्क झाले आहेत.

मांडवात जेवणाची वेळ टळून गेली तरी पानं मांडेनात. लोक कुरकुरू लागले. शेवटी घरचा कर्ता पुरुष आतल्या दारापाशी गेला आणि पडद्याबाहेरूनच ओरडला, काहून उशीर होऊन राहिला?

आतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "फोटोवाली का काम चल रहा है. वो बोलेगी तब खाना लगेगा."

कर्ता पुरुष निमूटपणे परत येऊन बसला. मांडवातले पन्नास-साठ भुकेले पुरुष गप्प बसून राहिले.

गयासभाईंच्या शेजारचे गृहस्थ पोटावर हात फिरवत म्हणाले, "आप कौन भाईसाहब? दूल्हे की तरफ से?"

इतकी वर्षं असं कोणी विचारलं, की गयासभाई खाली मान घालून सांगत, अमरावतीका गादीवाला.

"मी फोटोवालीचा बाप," ते म्हणाले, आणि पोटात कावळे कोकलत असतानाही ताठ बसून राहिले.